चाकांवरची गळकी टाकी

ज्येष्ठ-आषाढात ज्ञानेश्वर महाराजांची पालखी नीरा नदी ओलांडून सातारा जिल्ह्यात शिरते. लोणंद, तरडगाव, फलटण, बरड असे मुक्काम करीत ती पुढे सोलापूर जिल्ह्यात जाते. पालखीबरोबर चालणाऱ्या दिंड्यांचे ट्रक तुम्ही पाहिले असतील. शिधा, चुली, भांडी, तंबूचे कापड, अंथरुणे-पांघरुणे हे सारे त्यात भरलेले असते. दिवसा माणसे पायी चालतात आणि घर त्यांच्या पुढे चाकांवर जाऊन मुक्कामाला थांबते. परदेशांत लोक हौसेने फिरते घर घेऊन प्रवासाला निघतात. महाराष्ट्र शासनानेही २०२१ साली अशा गाड्यांसाठी कॅराव्हॅन पर्यटन धोरण जाहीर केले. पण चाकांवरच्या घराची आपल्याकडची ओळख त्याहून पुष्कळ जुनी आहे.

अशा प्रत्येक घरात एक वस्तू हवीच, ती म्हणजे पिण्याच्या पाण्याची टाकी. आणि टाकी आली की गळती आलीच! घराच्या गच्चीवरची टाकी गळू लागली तर आपण बादली लावून ठेवतो आणि गवंड्याला निरोप धाडतो. रस्त्यावर ते जमत नाही. दोन-तीनशे माणसांचे पाणी एका टाकीत असेल, पुढचा मुक्काम बारा-पंधरा मैलांवर असेल, तर गळती म्हणजे साधी गोष्ट नव्हे. म्हणून या लेखात आपण गळक्या टाकीकडे पदार्थविज्ञानाच्या चष्म्यातून पाहणार आहोत. गळती कोठे आहे हे कसे शोधायचे, टाकी मुळात फुटते का, आणि ठिगळ कसे लावले म्हणजे ते टिकते, या तिन्ही प्रश्नांची उत्तरे तुमच्या आठवी-नववीच्या पुस्तकातल्या नियमांतच दडलेली आहेत.

थेंबाचा हिशेब

प्रथम गळतीचे मोजमाप करू. टाकीखालून सेकंदाला एक थेंब पडतो आहे असे समजा. नळाच्या थेंबाचे आकारमान साधारण एक विसांश मिलिलिटर धरायला हरकत नाही. दिवसाचे सेकंद ८६,४००. म्हणजे दिवसाकाठी ४,३२० मिलिलिटर, सव्वाचार लिटरांहून थोडे अधिक पाणी गेले. हजार लिटरच्या टाकीला हे फारसे जाणवणार नाही.

आता थेंब नव्हे, धार लागली आहे असे समजा. भोक एक मिलिमीटर व्यासाचे आणि पाण्याच्या पृष्ठभागापासून एक मीटर खाली आहे. धारेचा वेग किती? बॅरोमीटर तयार करणारा इटालियन शास्त्रज्ञ टॉरिचेली याने सतराव्या शतकात याचे उत्तर दिले आहे. भोकातून बाहेर पडणाऱ्या पाण्याचा वेग हा तेवढ्याच उंचीवरून खाली पडलेल्या दगडाच्या वेगाइतका असतो. सूत्र असे :

वेग = √(२ × ग × उ)

यात ‘ग’ म्हणजे गुरुत्वत्वरण, सेकंदाला सेकंदाला ९.८ मीटर, ‘उ’ म्हणजे भोकावरची पाण्याची उंची. उंची एक मीटर घेतली तर वेग सेकंदाला सुमारे ४.४ मीटर येतो. भोकाबाहेर पडताच धार आकसते, म्हणून भोकाच्या क्षेत्रफळाच्या सुमारे ०.६ पट क्षेत्रफळच हिशेबात धरतात. गुणाकार करून पाहा. सेकंदाला २ मिलिलिटर, तासाला साडेसात लिटर, दिवसाला सुमारे १८० लिटर! सुईच्या जाडीचे भोक आणि पाणी एका मोठ्या पिंपाएवढे.

भोकाऐवजी बारीक चीर असेल तर हिशेब निराळा होतो, आणि तो अधिक सावध करणारा आहे. अरुंद चिरेत पाण्याला दोन्ही भिंतींचे घर्षण होते. त्यामुळे चिरेतून जाणारे पाणी चिरेच्या रुंदीच्या घनाच्या प्रमाणात वाढते. चीर एक दशांश मिलिमीटरची दोन दशांश झाली, म्हणजे नुसती दुप्पट झाली, तर पाणी आठपट जाऊ लागते. ‘जरा पाझरते आहे, पंढरपूरला गेल्यावर बघू’ असे म्हणणाऱ्याला ही आठपट वाटेतच गाठते.

भोक शोधायचे कसे?

टाकी खालून ओली दिसली म्हणजे ती गळतेच आहे असे नाही. पावसाळ्यात हवेत बाष्प भरपूर असते. विहिरीचे किंवा बोअरचे गार पाणी टाकीत भरले की टाकीची भिंत थंड होते आणि हवेतले बाष्प तिच्यावर थेंबांच्या रूपाने जमते. उन्हाळ्यात पाणी भरलेल्या तांब्याला बाहेरून घाम येतो, तसाच हा प्रकार. मग ओळखायचे कसे? टाकी फडक्याने कोरडी पुसा आणि पाहत राहा. पाण्याच्या पातळीखालचा सगळा भाग हळूहळू ओला झाला, तर तो घाम. एकाच जागेपासून ओल सुरू होऊन खाली ओघळ आला, तर ती गळती. ओघळ बारीक असेल तर पुसलेल्या भागावर खडूची कोरडी पूड हलकेच उडवा. पूड जेथे प्रथम भिजून काळपट पडेल, तेथे बोट ठेवा.

पण पुष्कळदा टाकी लाकडी चौकटीत किंवा लोखंडी सांगाड्यात बसवलेली असते, आणि तिच्या बाजू दिसतच नाहीत. पाणी कोठून तरी येते आणि सांगाड्यावरून वाहत जाऊन भलतीकडेच ठिबकते. अशा वेळी एक फार सुंदर युक्ती आहे. गाडी सपाट जागी उभी करा. टाकीच्या तोटीला पारदर्शक प्लॅस्टिकची नळी जोडून तिचे दुसरे टोक वर टाकीच्या उंचीला बांधा आणि तोटी उघडा. गवंडी दोन भिंतींची पातळी जुळवायला पाणी भरलेली नळी वापरतात, ती हीच. नळीतले पाणी टाकीतल्या पाण्याच्या पातळीलाच उभे राहते. तेथे खूण करा, वेळ लिहा, आणि दर तासाला नवी खूण करीत जा. पातळी आधी भराभर उतरेल, मग सावकाश, आणि अखेर एका जागी थांबेल. ती जेथे थांबली, तीच भोकाची उंची! भोकाच्या वर पाणी उरले नाही की त्याला बाहेर ढकलणारा दाबच उरत नाही. आता सगळी टाकी नव्हे, त्या उंचीची एक आडवी पट्टीच काय ती तपासायची. पातळी तळापर्यंत उतरली तर दोष तळाला किंवा तोटीच्या सांध्यात आहे असे समजावे.

पातळी सावकाश का होत जाते हे पाहण्यासाठी एक प्रयोग वर्गात अवश्य करा. दोन लिटरची, सरळ बाजूंची प्लॅस्टिकची बाटली घ्या. बुडाजवळ, बाजूला, तापवलेल्या खिळ्याने तीन मिलिमीटरचे भोक पाडा. हे काम शिक्षकांसमोर करावे. भोकापासून वर मोजून १ सेंमी., ४ सेंमी., ९ सेंमी. आणि १६ सेंमी. अशा चार खुणा करा. भोकावर बोट ठेवून १६ च्या खुणेच्या थोडे वरपर्यंत पाणी भरा, झाकण काढून ठेवा आणि बोट उचला. पाणी १६ वरून ९ वर यायला किती वेळ लागतो, ९ वरून ४ वर यायला किती, ४ वरून १ वर यायला किती, हे घड्याळावर मोजा. पहिल्या टप्प्यात पाणी सात सेंटिमीटर उतरले, दुसऱ्यात पाच, तिसऱ्यात तीन, पण वेळ मात्र तिन्हींना जवळपास सारखाच लागलेला दिसेल. अशा बाटलीला टप्प्यामागे दीड मिनिटाच्या आसपास. याचे कारण सूत्रातले वर्गमूळ. १६, ९, ४, १ यांची वर्गमुळे ४, ३, २, १. वर्गमूळ समान पायऱ्यांनी उतरते आणि प्रत्येक पायरीला समान वेळ लागतो. शेवटच्या, १ वरून शून्यावर येण्याच्या टप्प्यात मात्र घोटाळा होतो. धार तुटते, थेंब पडू लागतात, आणि पृष्ठताण पाण्याला भोकाशी अडवून धरतो. म्हणूनच टाकीची पातळी थांबते ती भोकाच्या किंचित वर. दोन-चार मिलिमीटरची ही सूट ठेवावी.

प्रयोग चालू असताना एखादा चौकस विद्यार्थी बाटलीला झाकण लावून पाहीलच. धार थांबते! मग गळक्या टाकीचे झाकण घट्ट बसवले की काम झाले, असे का म्हणू नये? या प्रश्नाचा हिशेब करण्याजोगा आहे. एक मीटर पाणी अडवायचे तर टाकीतल्या हवेचा दाब बाहेरच्या वातावरणापेक्षा एक दशांशाने, म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला सुमारे १०० ग्रॅमने, कमी व्हायला हवा. टाकीचे छत एक चौरस मीटर असेल तर त्याचे १०,००० चौरस सेंटिमीटर झाले. म्हणजे छतावर बाहेरून हजार किलोग्रॅमचा भार! पातळ छत आत पिचकेल. टाकीच्या झाकणाजवळ हवेसाठी ठेवलेले छिद्र चिखलाने बुजले आणि खालची मोठी तोटी एकदम उघडली, तर धडधाकट टाकीसुद्धा अशीच पिचकते. ते छिद्र कधीही बुजवू नका.

टाकी फुटते का?

गच्चीवरची टाकी वर्षानुवर्षे टिकते. तशीच टाकी ट्रकवर चढवली की दोन-तीन हंगामांत कुरकुर करू लागते. याचे पहिले कारण म्हणजे आतले पाणी हलते.

बादलीभर पाणी घेऊन चालताना पाणी उसळते ते आपल्या पावलांच्या तालात, हे तुम्हांला ठाऊक आहे. टाकीतल्या पाण्यालाही स्वतःचा ताल असतो. दोन मीटर लांबीच्या टाकीत अर्धा मीटर पाणी असेल तर ते पुढून मागे आणि पुन्हा पुढे यायला साधारण दोन सेकंद घेते. रस्त्यावरचे खड्डे, वळणे, ब्रेक यांचा ताल कधीमधी याच्याशी जुळला की झोका चढत जावा तशी लाट वाढते. त्यातून चालकाने करकचून ब्रेक दाबला म्हणजे काय होते पाहा. गाडीचा वेग सेकंदाला ५ मीटरने कमी होत असेल तर पाण्याचा पृष्ठभाग सुमारे २७ अंशांनी तिरपा होऊ पाहतो. वरच्या टाकीत पुढच्या भिंतीशी पाण्याची उंची अर्ध्या मीटरची एक मीटर होते आणि मागच्या भिंतीशी तळ उघडा पडतो. पुढच्या भिंतीवरचा तळाशी असलेला दाब क्षणात दुप्पट! दिवेघाटासारख्या चढ-उतारावर हे किती वेळा होत असेल याची कल्पना करा.

म्हणून पाण्याच्या टँकरमध्ये आडवे पत्र्याचे पडदे बसवतात आणि त्यांना खाली-वर भोके ठेवतात. लांब टाकीच्या आखूड टाक्या झाल्या की पाण्याची धाव कमी होते. पडदे नसलेली टाकी एक तर पूर्ण भरून न्यावी, नाही तर जवळजवळ रिकामी. अर्धी भरलेली टाकी सर्वांत वाईट, आणि मुक्कामावरून निघताना ती नेमकी अर्धी भरलेली असते.

दुसरे कारण उष्णतेचे आहे. पॉलिथिलीन तापले की लोखंडाच्या दहापटींहूनही अधिक प्रसरण पावते. तापमान ३० अंशांनी वाढले तर एक मीटर लांबीची प्लॅस्टिकची भिंत साडेचार मिलिमीटरच्या आसपास वाढते; लोखंडाची पट्टी अर्धा मिलिमीटरही नाही. आता प्लॅस्टिकच्या टाकीला पितळी किंवा लोखंडी तोटी घट्ट आवळलेली आहे. दिवसा भिंत फुगते, रात्री आकसते, तोटी आहे तेथेच. सांधा रोज थोडा थोडा सैल होतो. म्हणूनच गळती शोधताना पहिली नजर सांध्याकडे टाकावी. तोटीचे रबरी वायसर बदलून, आट्यांवर टेफ्लॉनची फीत गुंडाळून ती पुन्हा बसवली की पुष्कळशा ‘फुटलेल्या’ टाक्या बऱ्या होतात. तोटी वाजवीपेक्षा जोराने आवळू नये. तेथूनच नवी चीर सुटते.

ऊनही प्लॅस्टिकचे रेणू तोडते. सूर्यप्रकाशातल्या अतिनील किरणांनी लांबलचक साखळ्या तुटतात आणि भिंत ठिसूळ होते. काळ्या टाकीत दोन-अडीच टक्के काजळी मिसळलेली असते, ती हे किरण वरच्या वर शोषून घेते. काळ्या टाकीत पाणी तापते अशी तक्रार आपण करतो, पण टाकीचे आयुष्य त्या काळ्या रंगावरच अवलंबून असते.

चिरेचे टोक

कापडाच्या दुकानात मापारी मीटरभर कापड फाडतो तेव्हा तो आधी कात्रीने काठाला जरासा छेद देतो, मग दोन्ही हातांनी झटक्यात फाडतो. छेद दिला नाही तर सहजी फाटत नाही. एवढासा छेद कापडाला इतके दुबळे का करतो?

चार्ल्स इंग्लिस या इंग्रज अभियंत्याने १९१३ साली याचे गणित मांडले. पत्र्यात फट असली की तिच्या टोकाशी बल एकवटते. फटीची निम्मी लांबी आणि टोकाची त्रिज्या यांच्या भागाकाराचे वर्गमूळ काढा, त्याची दुप्पट करा आणि एक मिळवा. इतक्या पटीने तेथील प्रतिबल वाढलेले असते. वीस मिलिमीटरची चीर घ्या, निम्मी लांबी १०. टोकाची त्रिज्या एक दशांश मिलिमीटर. भागाकार १००, वर्गमूळ १०, म्हणजे प्रतिबल २१ पट! आता चिरेच्या दोन्ही टोकांना चार मिलिमीटरचे गोल भोक पाडा. टोकाची त्रिज्या दोन मिलिमीटर झाली. भागाकार ५, त्याचे वर्गमूळ सव्वादोनच्या जवळ, आणि प्रतिबल साडेपाच पटीच्या आसपास. गळक्या टाकीला आणखी दोन भोके पाडायची, हा उपाय ऐकायला विचित्र वाटतो. पण चीर पुढे सरकायची थांबते ती याच भोकांमुळे. नंतर चिरेबरोबर तीही बुजवायची असतात. मऊ प्लॅस्टिकमध्ये टोक थोडे ताणून बोथट होते, त्यामुळे प्रत्यक्ष आकडा २१ पेक्षा कमी येतो, तरी तत्त्व तेच.

नुसत्या चिरेलाच नव्हे, आकार एकदम बदलतो अशा कोणत्याही जागी बल असे एकवटते. टाकीचा कोपरा, तळाखाली राहिलेला खडा, फार आवळलेल्या पट्ट्याची कड, या त्या जागा. याचे भव्य उदाहरण आमच्या कराडच्या वरच्या अंगाला आहे. कोयना येथील १०३ मीटर उंचीचे धरण म्हणजे एक टाकीच. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे तेथे मोठा भूकंप झाला. तेव्हा टाकी हलली, आतले पाणी हलले, आणि धरणाच्या न सांडणाऱ्या भागांना भेगा पडल्या. त्या पडल्या प्रामुख्याने माथ्यापासून सुमारे ३६ मीटर खाली, जेथे धरणाच्या खालच्या बाजूचा उतार एकदम बदलतो त्या पातळीच्या आसपास. पुढे या भेगांत इपॉक्सी राळ दाबाने भरली, वरून खाली छिद्रे घेऊन पोलादी तारांनी काँक्रीट आवळून धरले, आणि नंतर खालच्या बाजूने काँक्रीटचे टेकू उभारले. भेग भरायची, तिला आवळून धरायचे आणि बाहेरून आधार द्यायचा, हा क्रम ट्रकवरच्या टाकीलाही लागू आहे.

ठिगळ

येथे बहुतेकांचा पहिला हात एम-सीलच्या पाकिटाकडे जातो. पत्र्याच्या किंवा सिमेंटच्या टाकीला तो चांगला बसतो, पण प्लॅस्टिकच्या काळ्या टाकीवर मळून लावलेला गोळा काही दिवसांनी खवल्यासारखा सुटून येतो. हा दोष गोळ्याचा नव्हे. चिकटणे म्हणजे दोन पदार्थांच्या रेणूंनी एकमेकांना ओढून धरणे. पॉलिथिलीनच्या साखळीत कार्बन आणि हायड्रोजन यांखेरीज काही नाही. दुसऱ्याला धरायला तिच्यापाशी जणू हातच नाहीत. पाण्याचा थेंब काचेवर पसरतो आणि टाकीच्या झाकणावर मण्यासारखा उभा राहतो, ते यामुळेच. पाणी जेथे पसरत नाही तेथे गोंदही नीट पसरत नाही. अशा भिंतीवर एकच खात्रीचा उपाय, तिला तिच्याच जातीच्या प्लॅस्टिकने वितळवून सांधणे.

पॉलिथिलीन १२० अंश सेल्सिअसच्या आसपास वितळते. वितळलेल्या दोन पृष्ठभागांतल्या साखळ्या एकमेकींत शिरतात, गुंततात, आणि निवल्यावर दोन्हींचा एकच तुकडा होतो. कारागीर कसे करतो पाहा. टाकी रिकामी करून पूर्ण कोरडी करतो, कारण ओल राहिली तर तिची वाफ होऊन सांध्यात फुगे धरतात. चिरेच्या टोकांना भोके पाडतो. चीर तिरपी खरवडून तिची व्ही आकाराची खाच करतो आणि आजूबाजूचा उन्हाने जळलेला वरचा थर काढून टाकतो. मग त्याच प्रकारच्या प्लॅस्टिकची पट्टी, बहुधा जुन्या टाकीच्या झाकणातून कापलेली, गरम हवेच्या बंदुकीने किंवा सोल्डरिंगच्या चपट्या टोकाने खाचेत वितळवत नेतो. पट्टी आणि भिंत दोन्ही वितळायला हव्यात. नुसती पट्टी वितळली तर ती वरवर बसते आणि नखाने सुटते. काळा धूर निघू लागला तर प्लॅस्टिक जळते आहे, उष्णता कमी करावी. निवायला फुंकर किंवा पाणी न मारता आपोआप निवू द्यावे.

ठिगळ आतून की बाहेरून? जमेल तेथे आतून. पाच सेंटिमीटर लांब-रुंद ठिगळ एक मीटर खोलीवर असेल, तर पाणी त्याच्यावर अडीच किलोग्रॅमचा जोर लावते. आतल्या ठिगळाला हा जोर भिंतीवर दाबून धरतो. बाहेरच्या ठिगळाला मात्र पाणी चिरेतून येऊन ढकलू लागते. सुरुवातीला चिरेपुरताच जोर असतो, पण कड जरा सुटली, पाणी खाली शिरले, की तोच जोर अडीच किलोपर्यंत वाढत जातो. लिफाफ्यावरचे तिकीट एका कोपऱ्यातून सोलून निघावे तसे ते निघते. हात पोचेल तेवढेच आतून करावे. माणूस आत उतरून काम करील अशा टाकीत एकट्याने कधीही उतरू नये. बंद टाकीत प्राणवायू कमी पडतो आणि धूर कोंडतो.

पत्र्याच्या टाकीबद्दल थोडक्यात सांगतो. गंजाने पडलेले भोक दिसते एवढेसे, पण भोवतालचा पत्राही आतून खाल्लेला असतो. तेथे वेल्डिंगचा झोत धरला तर भोक बुजण्याऐवजी पसरते. टोच्याने टोचून घट्ट पत्रा कोठवर आहे ते पाहावे आणि तेवढे मोठे ठिगळ टाकावे. जस्ताच्या मुलाम्याचा पत्रा तापवताना निघणारा पांढरा धूर छातीत जाऊ देऊ नये. पूर्वी डिझेल किंवा पेट्रोल ठेवलेल्या पिंपाची कोणी पाण्याची टाकी केली असेल तर त्याला वेल्डिंग करण्याच्या फंदात मुळीच पडू नये. रिकाम्या पिंपातली वाफ स्फोट करते, आणि पिण्याच्या पाण्यासाठी असले पिंप मुळातच वापरू नये.

वाटेत कारागीर नसेल तर? ट्रकचालकांची एक जुनी युक्ती आहे. डिझेलची टाकी पाझरू लागली की ते अंगाच्या साबणाची वडी चिरेवर घासतात आणि गळती थांबते. पाण्याच्या टाकीला हीच युक्ती केली तर तासाभरात साबण धुऊन जातो. साबण पाण्यात विरघळतो, डिझेलमध्ये विरघळत नाही, एवढाच फरक! पाण्यासाठी असा पदार्थ हवा की जो पाण्यात विरघळत नाही. पातळी भोकाखाली आणून जागा कोरडी केली आणि मेण मळून चिरेत दाबले तर एखादा मुक्काम निभतो. गोल भोक असेल तर त्याहून बरे साधन म्हणजे नट-बोल्ट. दोन्ही बाजूंना रबरी आणि वर लोखंडी वायसर घालून आवळले की रबर भिंतीवर दाबले जाते. येथे चिकटण्याचा प्रश्नच नाही, म्हणून कोणत्याही टाकीला हा उपाय चालतो. आतून डांबर मात्र फासू नये. हे पिण्याचे पाणी आहे. जी वस्तू पाण्याला लागणार ती पिण्याच्या पाण्याला चालणारी आहे ना, हे वेष्टनावर पाहून घ्यावे.

दुरुस्तीनंतर टाकी एकदम तुडुंब भरू नये. आधी ठिगळाच्या थोडे वरपर्यंत भरून रात्रभर ठेवावी, खडूची पूड टाकून पाहावी, मग पूर्ण भरावी. शेवटी टाकी निर्जंतुक करायची. लिटरला ५० मिलिग्रॅम क्लोरीन, या मापाने हजार लिटरला ५० ग्रॅम क्लोरीन लागेल. ताज्या ब्लीचिंग पावडरमध्ये सुमारे चौथा हिस्सा क्लोरीन असतो, म्हणजे पावडर २०० ग्रॅम. ती बादलीत कालवून, चुन्याचा गाळ खाली बसू देऊन, वरचे निवळ पाणी टाकीत ओतावे. टाकी भरून रात्रभर ठेवावी आणि सकाळी ते पाणी ओतून देऊन टाकी दोनदा खळबळून घ्यावी. हे पाणी पिण्याचे नव्हे, हे झाकणावर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवावे.

आता तुमच्यासाठी एक गणित. ट्रकवरची टाकी दीड मीटर लांब व एक मीटर रुंद आहे. रात्री दहा वाजता तीत ६० सेंमी. पाणी होते, सकाळी सहा वाजता ५८ सेंमी. भरले. खडूच्या पुडीने असे दिसून आले की तळापासून १५ सेंमी. उंचीवर एकच गोल भोक आहे. रात्रीत किती लिटर पाणी गेले? भोकाचा व्यास एक मिलिमीटरहून लहान की मोठा? आणि कोणी पाणी वापरलेच नाही, तर पातळी भोकापर्यंत उतरायला सुमारे किती दिवस लागतील? शेवटच्या प्रश्नाला बाटलीचा प्रयोग आठवा आणि उंचीऐवजी उंचीचे वर्गमूळ धरून चाला.